ओरखडा : सरी आणि वरंबा

विदर्भात एप्रिल महिन्यात कोणी फोनवर 'कूलर' म्हटले, की डोळ्यांसमोर खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्यांचा, खालून पाणी गळणारा भलामोठा पेटारा उभा राहतो. वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला विचारले, "सर, कूलरच्या तळाला ओरखडे आहेत, तरी बसवू का?" आम्ही सहज म्हणालो, "गळत नसेल तर बसवा." पलीकडे काही क्षण शांतता. मग उलगडा झाला. हा कूलर तळहातावर मावणारा होता आणि तो संगणकाच्या प्रोसेसरवर बसवायचा होता.

प्रश्न साधा वाटला, तरी त्यामागे अडचण मोठी होती. शाळेत चालू स्थितीतले संगणक दोनच. त्यातल्या ज्या एकावर वर्षभराचे गुण भरलेले होते, तो पंधरा-वीस मिनिटे काम केले की आपोआप बंद पडे. १ मेला निकाल लावायचा होता. दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितले, "प्रोसेसर गेला, नवीन संगणकच घ्या." त्यासाठी शाळेकडे पैसे नव्हते. बाईंनी स्वतः पेटी उघडून पाहिली तेव्हा प्रोसेसरवरचा पंखा फिरतच नव्हता. नागपूरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी दोनशे रुपयांत वापरलेला कूलर आणला. वर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या, त्यावर पंखा आणि खाली तांब्याचा चौकोनी तळ. त्या तळावर तीन लांब ओरखडे होते. आधीच्या मालकाने वाळलेली पेस्ट पेचकसाने खरवडून काढली असावी.

तो बसेल की नाही, हे पाहणे सोपे होते. हा संगणक २०११ साली आलेल्या आय-३ २१०० या प्रोसेसरचा. या पिढीच्या मदरबोर्डवर कूलरसाठी चार भोके असतात आणि त्यांच्या चौकोनाची बाजू ७५ मिलिमीटर असते. त्याआधीच्या ७७५ टोकांच्या बैठकीत ती ७२ मिलिमीटर होती. तीन मिलिमीटरांचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण कूलर बसत नाही. बाईंनी फूटपट्टी लावून मोजले, ७५ भरले. उरला प्रश्न ओरखड्यांचा.

त्याचे उत्तर देण्याआधी हा कूलर नेमके काय करतो ते पाहू. या प्रोसेसरमधून जास्तीत जास्त ६५ वॉट उष्णता निघेल असे धरून त्याची रचना केलेली आहे. पूर्वीचा ६० वॉटचा पिवळा दिवा आठवा. पेटल्यावर त्याला हात लावायची सोय नसे. तेवढीच उष्णता इथे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडते. त्या तुकड्यावर सुमारे तीन सेंटिमीटर बाजूचे, निकेलचा मुलामा दिलेले तांब्याचे झाकण असते. झाकणावर कूलरचा तळ टेकतो. तिथून उष्णता पात्यांमध्ये आणि पात्यांमधून पंख्याच्या वाऱ्यात जाते. या वाटेत कुठे अडथळा आला तर आतले तापमान चढते. ते १०० अंश सेल्सिअसच्या जवळ गेले की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो आणि तरीही चढतच राहिले तर यंत्रणा वीज तोडते. म्हणजे बाईंचा संगणक बंद पडत होता तो प्रोसेसर जळाला म्हणून नव्हे, तर तो जळू नये म्हणून. दुरुस्तीवाल्याचे निदान आम्हाला पटले नाही ते यामुळेच.

आता झाकण आणि तळ जिथे एकमेकांना टेकतात त्या जागेकडे वळू. धातूचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो डोंगरदऱ्यांचाच असतो. असे दोन पृष्ठभाग समोरासमोर ठेवले तर फक्त शिखरांना शिखरे टेकतात. केंब्रिजमधील बाउडन आणि टेबर या दोघांनी १९३९ साली धातूंच्या जोडणीतील विजेचा रोध मोजून दाखवले, की खरोखर टेकलेली जागा वरवर दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी किरकोळ अंश असते. ती किती, हे आपणही काढू शकतो. दाबाखाली शिखरे चेपत जातात आणि टेकलेली जागा भार पेलण्यापुरती झाली की थांबतात. घडवलेले तांबे दर चौरस मिलिमीटरला साधारण १०० किलोग्रॅम वजन पेलते. समजा, कूलर १५ किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने दाबला गेला आहे. मग खरी टेकलेली जागा झाली ०.१५ चौरस मिलिमीटर, म्हणजे राजगिऱ्याच्या एका दाण्याने व्यापलेल्या जागेपेक्षाही कमी. आणि दिसायला आपण ९०० चौरस मिलिमीटर जागा जोडलेली असते!

उरलेल्या जागेत हवा असते. हवेची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पंधरा हजारावा भाग आहे, म्हणून तिला तिथून हाकलावे लागते. त्यासाठीच पेस्ट. बाजारात मिळणाऱ्या साध्या पांढऱ्या पेस्टची वाहकता तांब्याच्या चारशेवा भाग असते. हे वाचून कोणी नाक मुरडेल, पण हवेच्या ती चाळीस पट आहे. भज्यांचा कागद आठवा. कोऱ्या कागदातून पलीकडचे दिसत नाही, कारण त्याच्या तंतूंमधल्या हवेत प्रकाश विखुरतो. त्या फटींत तेल शिरले की कागद अर्धपारदर्शक होतो. तेल प्रकाशासाठी जे करते, तेच पेस्ट उष्णतेसाठी करते.

वर्गात हे थर्मामीटर घेऊन करून पाहता येते. स्टीलचा एक लहान पेला मोठ्या पेल्यात ठेवा. तळ एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये बुचाचा तुकडा घाला. मोठा पेला गार पाण्याच्या पातेल्यात उभा करा. लहान पेल्यात ७० अंशांचे पाणी ओता आणि दर मिनिटाला तापमान लिहा. एकदा दोन पेल्यांमधल्या फटीत नुसती हवा राहू द्या, दुसऱ्यांदा तीत साधे पाणी भरा. दोन आलेख शेजारी शेजारी काढले की फरक बोलून दाखवावा लागत नाही. एखादा चलाख विद्यार्थी म्हणेल की फटीतले पाणी वरखाली फिरते, म्हणजे हे निव्वळ वहन नव्हे. त्याचे म्हणणे बरोबर आहे. पेस्ट अशी फिरत नाही.

आकडे मांडायला उष्णतावहनाचा नियम पुरेसा आहे. फूरिएने तो १८२२ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला आणि अकरावी-बारावीच्या मुलांना तो ठाऊक असतो. थराच्या दोन बाजूंच्या तापमानांतील फरक काढायचा तर दर सेकंदाला जाणारी उष्णता गुणिले थराची जाडी, भागिले वाहकता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. थराची जाडी ०.०५ मिलिमीटर घेऊ, म्हणजे केसापेक्षा थोडी कमी. उष्णता ६५ वॉट, क्षेत्रफळ ९ चौरस सेंटिमीटर. थर तांब्याचा असता तर फरक एका अंशाचा शंभरावा भाग आला असता. पांढऱ्या पेस्टचा असेल तर ३.६ अंश. आणि सगळा थर हवेचा असेल तर सुमारे १४० अंश! यातून आणखी एक गोष्ट निघते. पेस्ट हवेची जागा घ्यायला हवी, तांब्याची नव्हे. थर दुप्पट जाड झाला की फरकही दुप्पट. पावाला लोणी फासावे तशी ती फासणारे बरेच असतात. (पेस्टऐवजी दात घासायची पेस्ट लावणारेही भेटतात. ती पहिले काही तास चांगली चालते, मग तिच्यातले पाणी उडून जाते.)

आता ओरखडे. बाईंनी फोटो पाठवला होता. प्रत्येक ओरखडा सुमारे २५ मिलिमीटर लांब आणि ०.३ मिलिमीटर रुंद. तिन्ही मिळून जागा झाली साडेबावीस चौरस मिलिमीटर, म्हणजे ९०० पैकी अडीच टक्के. त्या पट्ट्यांतून उष्णता मुळीच जात नाही, इतके वाईट धरले तरी ३.६ अंशांत अडीच टक्क्यांची भर पडते. हे एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी झाले. प्रत्यक्षात खाचेत पेस्ट भरली जाणार, म्हणजे नुकसान त्याहूनही कमी. आम्ही बाईंना सांगितले, "खुशाल बसवा. जुनी पेस्ट स्पिरिटने पुसून काढा, नवी अगदी पातळ फासा. खाचांची काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी फोन आला. कूलर बसवला होता, पंखा छान फिरत होता, खोलीचे तापमान ३८ अंश होते आणि प्रोसेसरला भरपूर काम दिले की तापमान दहा मिनिटांत ९५ अंशांवर जात होते. संगणक बंद पडत नव्हता, पण रांगत होता. आमचा पहिला संशय चार कोपऱ्यांतल्या खुंट्यांवर गेला. एखादी खुंटी नीट न अडकणे हा या प्रकारच्या कूलरचा नेहमीचा दोष आहे. डोक्यावरचा बाण ती सोडण्याची दिशा दाखवतो आणि बरेच जण तो बसवण्याची दिशा समजून फिरवतात. बाईंनी कूलर काढला, खुंट्या तपासल्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोड्यांनी पुन्हा दाबून बसवल्या. मदरबोर्डच्या मागून चारही टोके बाहेर आलेली पाहिली. बाकी काही बदलले नाही. तापमान ९४ अंश. म्हणजे खुंट्या निर्दोष होत्या आणि आमचा सल्ला कुठेतरी चुकला होता.

शनिवारी आम्ही एस.टी.ने शाळेत गेलो. संगणक थोडा चालवून पेस्ट ऊन करून घेतली, वीजपुरवठा तोडला आणि कूलर हलकेच पिळून सोडवला. (या पिढीत प्रोसेसर लोखंडी चौकटीत अडकवलेला असतो, त्यामुळे तो कूलरबरोबर उपटून येत नाही. टाचण्यांसारखी टोके असलेल्या काही प्रोसेसरांत मात्र तसे होते आणि टोके वाकतात.) कूलर उलटा करून टेबलावर ठेवला. आम्ही आणि बाई ओरखडेच बघत बसलो होतो. नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, इकडं तर पेस्ट लागलीच नाही!"

खरेच होते. तळाच्या एका कडेकडचा साधारण तिसरा हिस्सा पांढरा झाला होता. उरलेला भाग स्वच्छ तांब्याचा होता. झाकणावरची पेस्टही त्या भागात फासली तशीच, न चेपलेली होती. तळ झाकणावर सपाट टेकलाच नव्हता, एका बाजूने उचललेला होता. कशाने, ते त्या मुलीनेच बोट फिरवून दाखवले. तिसऱ्या ओरखड्याच्या सुरुवातीला, कडेशी, बोटाला काहीतरी टोचत होते.

हा भाग कापसाचा, आणि सरी-वरंबा इथल्या मुलांना शिकवावा लागत नाही. सरी पाडली की तिच्यातली माती नाहीशी होत नाही, शेजारी वरंबा होऊन बसते. मऊ धातूवर बोथट पेचकस जोराने ओढला तर तेच होते. तांबे कापले जात नाही, बाजूला सरकते आणि खाचेच्या दोन्ही काठांवर चढते. पेचकस जिथे आधी रुतला तिथे सर्वांत जास्त. आम्ही फोटोत खाच पाहिली, तिची लांबी-रुंदी मोजली, गणित केले. वरून काढलेल्या फोटोत वरंबा दिसत नाही, आणि आम्ही त्याबद्दल विचारलेही नव्हते.

वरंब्याची उंची मोजायला प्रयोगशाळा लागली नाही. पोलादी फूटपट्टी तळावर उभी धरली. ती वरंब्याच्या माथ्यावर आणि पलीकडच्या कडेवर टेकली आणि मधून उजेड दिसू लागला. वरंब्याला लागून त्या फटीत वहीचे एक पान सहज गेले, दोन पाने अडकली. वहीची शंभर पाने एकत्र मोजली तर साधारण नऊ मिलिमीटर भरली, म्हणजे एक पान ०.०९ मिलिमीटरचे. वरंबा या दोहोंच्या मध्ये, ०.१५ मिलिमीटरच्या आसपास.

केवढासा वरंबा आणि त्याने अठरा-वीस अंश चढावेत? इथे मुलांना बसवून गणित पुन्हा मांडले. तळ तिरका बसल्याने फट एका कडेला शून्य आणि दुसऱ्या कडेला ०.१५ मिलिमीटर. पेस्टचा थर आमच्याच सल्ल्याप्रमाणे पातळ, ०.०५ मिलिमीटरचा. तो फटीच्या एक तृतीयांश भागातच दोन्हीकडे पोचणार, उरलेल्या दोन तृतीयांशात हवा. पांढरा डाग नेमका तेवढाच होता. पण खरी मेख पुढे आहे. उष्णता निर्माण होते झाकणाच्या मध्याखाली, आणि बाहेर पडायची वाट एका कडेला. म्हणजे तिला झाकणातूनच आडवे जावे लागते. झाकण जेमतेम दोन मिलिमीटर जाड. आडवे अंतर सुमारे १० मिलिमीटर, वाटेचा काटछेद ३० गुणिले २, म्हणजे ६० चौरस मिलिमीटर. सगळी ६५ वॉट उष्णता या वाटेने गेली तर दोन टोकांत २७ अंशांचा फरक पडेल. सगळी जात नाही, काही सरळही जाते, म्हणून २७ ही वरची मर्यादा. उभ्या वाटेत ज्या तांब्याने अंशाचा शंभरावा भागही अडवला नसता, त्यानेच आडव्या वाटेत घोटाळा केला.

वरंबा काढायचा म्हणजे ओरखडा घासून नाहीसा करायचा नाही, हे बाईंना दोनदा सांगावे लागले. खाच ०.१ मिलिमीटर खोल असेल तर ती पुसायला सगळा तळ तेवढा झिजवावा लागेल. हाताने इतके घासले की कडा जास्त झिजतात, मध्य फुगीर राहतो आणि मूळ ओरखड्याहून मोठा दोष तयार होतो. काही कूलरांत तर तळाशी उष्णतेच्या नळ्याच चपट्या करून उघड्या ठेवलेल्या असतात. त्या तांब्याच्या पोकळ नळ्या असून आत कमी दाबाखाली थोडे पाणी असते. तिथे कागद लावूच नये. भोक पडले की नळी कायमची निकामी.

आमचा तळ भरीव होता. खिडकीच्या जाड काचेचा तुकडा घेतला, त्यावर हजार नंबरचा पॉलिश कागद पाणी लावून पसरला, पंखा काढून ठेवला आणि कूलर आपल्याच वजनाने, वरून न दाबता, काही वेळा सरळ ओढला. आधी फक्त वरंब्याचा माथा चमकला. थोड्या वेळाने चमक आजूबाजूला पसरू लागली, तिथे थांबलो. फूटपट्टीखालून आता उजेड दिसेना. तांब्याचा चुरा विजेचा वाहक असतो. तो मदरबोर्डवर पडला तर नवेच संकट उभे राहील, म्हणून धुणे-पुसणे सर्व दुसऱ्या खोलीत केले. तिन्ही खाचा होत्या तशाच राहिल्या.

पेस्ट पूर्वीइतकीच पातळ लावली, खुंट्या त्याच क्रमाने दाबल्या. बाईंचा आग्रह होता की पहिल्यांदा तळाचा ठसा पाहायचा, मगच संगणक सुरू करायचा. म्हणून कूलर बसवून लगेच काढला. या वेळी पांढरा ठसा चारही कडांपर्यंत पोचला होता आणि खाचांच्या जागी तीन ओळी जरा जास्त पांढऱ्या दिसत होत्या. पुसून, नवी पेस्ट लावून पुन्हा बसवला. तेवढेच काम देऊन दहा मिनिटांनी तापमान पाहिले, ७६ अंश. खोलीत तेव्हाही ३८ होते. संध्याकाळपर्यंत दोन वर्गांचे गुण भरून झाले.

जूनच्या अखेरीस शाळा सुरू झाल्यावर त्या मुलीने पुन्हा तोच प्रयोग केला आणि आकडे बाईंनी कळवले : पाऊस पडून गेलेला, खोलीत ३० अंश, प्रोसेसर ६८. तिने शेजारी वजाबाकी करून एप्रिलच्या आकड्याखाली लिहिली होती. दोन्हीकडे ३८.